छताच्या कोपऱ्यातली आई

बाजारपेठेतल्या त्या पाच मजली पार्किंगच्या तोंडाशी काचेची एक केबिन होती आणि केबिनमध्ये एक बाई बसायची. गाडी आली की पावती द्यायची, बटण दाबायचं, समोरची आडवी दांडी वर जायची. गाडी गेली की दांडी खाली. रोज गाडी लावणारे तिला दांडीवाली म्हणत. तिला त्याचं काही वाटत नसे. नावात दांडी असून बाईनं कामाला कधी दांडी मारली नाही, असं तिचा सुपरवायझर येईल त्याला सांगायचा आणि स्वतःच हसायचा.

घरी ती आणि तिची लेक, दोघीच. नवरा दुसऱ्या शहरात कामाला म्हणून गेला तो तिकडचाच झाला. त्याच्याबद्दल ती बोलत नसे, आपणही नको बोलूया. लेकीला ती ठकी म्हणायची. ठकी पहिलीत असताना तिला सांभाळणाऱ्या शेजारच्या काकू घर बदलून गेल्या. शाळा दुपारी सुटणार, आई संध्याकाळी येणार, मधल्या वेळात पोरीचं करायचं काय?

उपाय सांगितला तो पार्किंगमध्ये रोज गाडी लावणाऱ्या एका दुकानदारानं. त्याच्याकडे छोटे कॅमेरे मिळायचे. घरात बसवायचा, फोनवर बघायचं. नुसतं बघायचं नाही, बोलायचंसुद्धा. बाईनं लगेच घेतला. अंड्याएवढा पांढरा गोळा खोलीच्या छताच्या कोपऱ्यात बसला. आई बोलायला लागली की त्यावर हिरवा दिवा लागायचा.

"ठकी, आधी दूध पी." "ठकी, पाठ सरळ." "खिडकीपासून लांब हो बघू." केबिनच्या काचेला टेकवून ठेवलेल्या फोनमधून दांडीवाली डोळ्यांत तेल घालून लेक सांभाळत होती. पहिल्या दिवशी आवाज आला तेव्हा पोरीनं पडद्यामागं, पलंगाखाली, सगळीकडे आईला शोधलं. मग कळलं, आई वर आहे. तिनं छताकडे दोन्ही हात पसरले आणि म्हणाली, "आई, घे ना." दांडीवालीला इतकं हसू आलं की मागची गाडी हॉर्न वाजवत राहिली. पुढं कितीतरी दिवस हा किस्सा ती कौतुकानं लोकांना सांगत असे.

आणि फोन? ठकीच्या हातात फोन तिनं कधीच दिला नाही. ह्या गोष्टीचा तिला केवढा अभिमान! केबिनमध्ये बसून तिला जगभरची मुलं दिसायची, प्रत्येक गाडीच्या मागच्या सीटवर, मान खाली, तोंडावर निळा उजेड. आईबाप पैसे देताहेत, भांडताहेत, गाडी कुठं लावायची विचारताहेत, मागच्याला पत्ता नाही. "माकडाच्या हाती कोलीत," ती पुटपुटायची आणि दांडी वर करायची. तिच्या थोरल्या बहिणीची दोन्ही पोरं तर जेवतानाही फोन सोडत नसत. बहिणीकडून आली की दांडीवाली ठकीला जवळ घेऊन म्हणायची, "माझी लेक बघ कशी माणसांत आहे." आपल्या हातातल्या फोनकडे मात्र तिचं कधी लक्ष गेलं नाही. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

शाळेतून आली की ठकी कोपऱ्याखाली बसायची आणि बोलायची. काय नि किती! कोणाची पेन्सिल हरवली, कोण रडलं, बाईंची चप्पल तुटली, वर्गात मांजर आलं. दांडीवाली ऐकत राहायची. मध्येच म्हणायची, "थांब ठकी, गाडी आली." की पोर अर्ध्या वाक्यात गप्प. गाडी जाईपर्यंत श्वाससुद्धा तसाच धरून. मग विचारायची, "गेली?" "गेली. बोल." आणि सोडलेल्या शब्दापासून पुन्हा सुरू. संध्याकाळी आई घरी आली की ठकी फारसं बोलत नसे. दांडीवालीला वाटायचं, सगळं सांगून झालंय, आता उरलंय काय सांगायचं? दोघी जेवायच्या आणि झोपायच्या.

एकदा शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या, "तुमची मुलगी बोलताना समोर बघत नाही हो. वर कोपऱ्यात बघते." दांडीवाली म्हणाली, "विचार करून बोलायची सवय आहे तिला." बाईंनी मान हलवली. त्यांच्या वर्गात आणखी पुष्कळ मुलं होती.

ठकी सातवीत गेली त्या वर्षी पार्किंगच्या मालकानं केबिन काढली. तिथं एक खांब आला आणि खांबावर कॅमेरा. गाडीचा नंबर वाचायचा, दांडी आपोआप वर. कॅमेऱ्यावर भरवसा ठेवून पोर वाढवणाऱ्या बाईची नोकरी कॅमेऱ्यानंच खाल्ली. दैवाला विनोदबुद्धी नाही असं कोण म्हणेल!

पण खरं सांगायचं तर त्या दिवशी तिला दुःखापेक्षा सुटल्यासारखं झालं. काम काय, दुसरं मिळेल. तोवर आपण घरी. पोर शाळेतून येईल तेव्हा दार आपण उघडू. तिनं स्टुलावर चढून तो पांढरा गोळा काढला आणि जुन्या वायरींच्या खणात टाकला. ठकी आली तशी आई हात पसरून म्हणाली, "आता ते नको. आता मीच आहे ना!"

ठकीनं वर बघितलं. कोपऱ्यात स्क्रूचं भोक तेवढं राहिलं होतं.

त्या दिवसापासून पोरीच्या तोंडाला कुलूप. दांडीवाली समोर बसायची, विचारायची, "आज काय झालं शाळेत?" "काही नाही." "कोण कोण आलं होतं?" "सगळे." मधूनच नजर त्या भोकाकडे. एकदा आईनं तिची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं, "अगं, इकडे बघ. माझ्याशी बोल." ठकी आक्रसली. परक्या बाईनं धरावं तशी. दांडीवालीनं हात सोडला आणि उगाचच गॅस पुसायला गेली.

वयच तसं आहे, तिनं स्वतःची समजूत घातली. पण मग ठकी सकाळी पोट दुखतं म्हणायला लागली. एक दिवस ती आली ती फाटलेल्या बाहीनं आणि चावून चावून सुजवलेल्या ओठानं. शाळेतून फोन आला, मधल्या सुट्टीत मुलगी बाथरूममध्ये कडी लावून बसते, घरी काही आहे का? घरी काय असणार? घरी आई होती. तिनं गोडीनं विचारलं, रागानं विचारलं, शपथ घातली, शेवटी एक लगावून दिली आणि मग आपणच रडत बसली. ठकी भिंतीशी उभी राहून तिच्याकडे बघत होती. भीतीनं नव्हे, आईचा चेहरा पहिल्यांदाच दिसावा तशी.

थोरल्या बहिणीला सांगितलं तर ती म्हणाली, "फोन घेऊन दे तिला. माझी पोरं निदान फोनमधून डोकं काढून मला उलट उत्तरं तरी देतात." एरवी दांडीवालीनं तिला चार गोष्टी सुनावल्या असत्या. या वेळी ती नुसती हं म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठकी शाळेत गेलीच नाही, पांघरूण डोक्यावर घेऊन पडून राहिली. दांडीवालीनं खण उघडला, गोळा काढला, स्टुलावर चढली आणि होता तिथं परत बसवला. "मी कामाचं विचारायला जाते," म्हणाली. चप्पल घातली, दार ओढून घेतलं आणि दाराबाहेरच जिन्याच्या पायरीवर बसली. फोन उघडला. आठ-दहा हातांवरची लेक तिला पुन्हा तळहातावर दिसायला लागली.

"ठकी," ती हळूच म्हणाली.

आत हिरवा दिवा लागला असणार, कारण पांघरूण बाजूला झालं. पोर उठून कोपऱ्याखाली येऊन बसली, मांडी घालून, लहानपणी बसायची तशीच. वर बघितलं. तिचा अख्खा चेहरा फोनमध्ये मावला आणि दांडीवालीला भडभडून आलं.

"आई, तू लांब आहेस ना?"

"हो. लांब आहे."

"मग सांगते. तू घरी असलीस की मला नाही सांगता येत. मी बोलायला लागले की तुझं तोंड कसंतरी होतं. मला कळतच नाही ते काय झालंय. इथून बरं असतं. इथं तुझं तोंड नसतं."

दांडीवालीनं जिन्याचा कठडा धरला. इतकी वर्षं तिनं पोरीचा चेहरा बघितला होता, खाताना, रडताना, दात पडले तेव्हा, ताप आला तेव्हा. आपला चेहरा पोरीला दाखवायचा असतो हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. हात पसरून 'घे ना' म्हणालेली ती पहिलीतली ठकी तिला आठवली. आणि ते ऐकून आपण हसलो होतो, हेही.

"बोल, बाळा."

"वर्गातल्या मुलींनी माझा व्हिडिओ काढला. बाईंनी उभं केलं होतं ना, उत्तर द्यायला, तेव्हा. मी वर बघून बोलते म्हणून. त्यांनी त्याला गाणं लावलंय. मला पाल म्हणतात. म्हणतात, पाल दिसली का गं वर? सगळ्या शाळेनं बघितलाय आई. दुसऱ्या शाळेतल्यांनीपण. मीच नाही बघितला, माझ्याकडे फोन नाही ना." ती थांबली. "मी खाली बघायचा प्रयत्न करते. मान दाबून धरते. पण बोलायला लागले की डोळे आपोआप वर जातात. असं का होतं गं आई?"

दांडीवालीला उत्तर माहीत होतं. तिनं तोंडात पदराचा बोळा कोंबला. दार बंद होतं खरं, पण पातळ लाकडाचं. हुंदका गेला असता आत.

"आई? ऐकतेस ना?"

"ऐकतेय." आवाज तिनं केबिनमधला काढला, रोजचा, सरळ.

"तू लगेच येऊ नकोस हं घरी. अजून पुष्कळ आहे. बाही कशी फाटली ते सांगायचंय. तू आलीस की राहून जाईल."

"नाही येत. तू बोल."

मुठीतली किल्ली तिला टोचत होती. उठावं, दार उघडावं, पोरीला पोटाशी घट्ट धरावं, एवढंच मनात होतं. आणि तसं केलं तर पोर कायमची मिटेल, हेही तिला आता पक्कं कळलं होतं. ठकी सांगत होती, बाथरूमच्या दारावर कोण लाथा मारतं, फटीतून आत फोन कोण धरतं. नजर वर, थेट आईच्या डोळ्यांत, फक्त तिथं डोळे नव्हते.

इतक्यात वरच्या मजल्यावरच्या वहिनी भाजीची पिशवी घेऊन जिना चढत आल्या. ह्या बाईच्या तोंडात तीळ भिजत नाही, आणि आवाज तर सगळ्या इमारतीला पुरेल असा.

दांडीवालीनं फोन तोंडाशी नेला. "थांब ठकी, गाडी आली."

फोनमधली पोर अर्ध्या वाक्यात गप्प झाली. दांडीवालीनं आपला आवाज बंद केला तोवर वहिनी समोर येऊन उभ्याच.

"हे काय, अशा पायरीवर? किल्ली विसरलात वाटतं?"

"हो. विसरले."

"घरात नाही का कोणी दार उघडायला?"

"नाही," दांडीवाली म्हणाली. "कोणी नाही."

वहिनी चुकचुकल्या आणि वर आपल्या घरी गेल्या. फोनमध्ये ठकी तशीच बसून होती, तोंड थोडं उघडं, श्वास धरून, छताकडे बघत. दांडीवालीनं डोळे पुसले आणि आवाज सुरू केला.

"गेली?" ठकीनं विचारलं.

"गेली. बोल."