उलट्या शिवणीचं पोलकं

माझ्या पोरीच्या अंगात बायका नवंकोरं पोलकं घालत होत्या, तेव्हा मी म्हटलं, "ते नका घालू, तिले टोचते."

त्या थांबल्या. तिला न्हाऊ घालून झालं होतं, विरळ झालेले केस ओले होते. तिची नणंद माझ्याकडे न पाहता हळूच म्हणाली, "मावशी, आता काय टोचते तिले?"

तिचं बरोबर होतं. अहेव बाई गेली की तिला सगळं नवं घालतात, आतलंसुद्धा. त्या कापडाची खळही निघाली नव्हती. हुक लावताना ते करकर वाजलं. मी भिंतीला टेकून पाहत बसले.

लेक अकोल्याला, जठारपेठेत दिली होती. मी अमरावतीची. तिला छातीचा कॅन्सर झाला, एक बाजू काढली, मग विजेचे शेक दिले. शेकांनी काखेपासून बरगडीपर्यंतची कातडी जळाली. डॉक्टर म्हणाले, ही जखम सुकली तरच पुढचं औषध सुरू करू. थंडी लागू देऊ नका, घट्ट काही घालू नका. दिवाळी होऊन गेली होती. वऱ्हाडाचं ऊन सगळ्यांना माहीत, पण आमच्याकडे पौषात सकाळचं पाणी हाताला चावतं. औषधांनी तिच्या अंगात ऊब म्हणून उरली नव्हती. स्वेटरवर शाल घेऊनही ती कुडकुडायची, कारण आत काय घालावं तेच कळत नव्हतं. मी पिशवी भरली आणि तिच्याकडे जाऊन राहिले.

जावई थर्मलचा जोड घेऊन आला. आतून मखमलीसारखा. मीही चाचपून चांगला म्हटला. दुपारपर्यंत आत घाम धरला, मग तोच घाम गार पडला आणि ती मखमल जखमेला चिकटली. सोडवताना पोरीनं माझं मनगट घट्ट धरून ठेवलं. लोकरीचं तर नावच काढायला नको. मग मी फलालीन आणलं, धुऊन शिवलं. ऊब चांगली होती, पण त्याची लव सुटायची आणि ओल्या जखमेत जाऊन बसायची.

आमच्याकडे तान्ह्या लेकराला बारशापर्यंत नवं कापड घालत नाहीत. कोणी म्हणतं दृष्ट लागते. मला विचाराल तर कातडीला सोसत नाही, एवढंच. झबलं जुनेराचं शिवतात, शिवण बाहेरच्या बाजूनं ठेवतात, आणि कापड ओठाला लावून पाहतात. तळहाताला काय कळतं, तो कामानं मेलेला असतो. ही पोरगी झाली तेव्हा माझ्या आईनं तिची झबली अशीच शिवली होती.

मी माझी विरलेली सुती लुगडी अमरावतीहून मागवली. घरात मशीन होती. पोलकं दुहेरी शिवलं, कारण एका जाड कापडापेक्षा दोन पातळ कापडं जास्त ऊब धरतात. हुक नाही, रबर नाही; जखम नव्हती त्या बाजूला तीन बंद. कमरेला रबर रुतायचं म्हणून चड्ड्याही नाडीच्या शिवल्या.

तिनं घालून आरशात पाहिलं. "माय, हे तं उलटं शिवलं तू."

"तसंच राहते ते."

"मले पुन्हा तान्ही करून राहिली का?"

"तान्ही होती तवा एवढा तरास नव्हता देला तू."

ती हसली, हसण्यानं दुखलं, म्हणून मलाच शिव्या दिल्या. त्या दुपारी ती कूस बदलून झोपली. बऱ्याच दिवसांत अशी झोपली नव्हती. जखमेच्या कडा सुकू लागल्या. मी रोज एक पोलकं धुवायची, उन्हात कडक वाळवायची, हातानं चोळून मऊ करायची. संक्रांतीपर्यंत खपली पडली आणि खाली नवी गुलाबी कातडी दिसली. जावयानं पेढे आणले. मीही खाल्ला.

पुढचं औषध द्यायला नेलं तेव्हा कळलं की रोग आधीच फुप्फुसात गेला होता. कातडी बरी झाली. आतलं झालं नाही.

न्हाऊ घालताना बायकांनी ती जागा पाहिली. एकजण म्हणाली, किती छान भरली जखम.

दिवस झाल्यावर नणंदेनं तिच्या कपड्यांचं बोचकं बांधलं. आजाऱ्याचे कपडे घरात ठेवत नाहीत. मी त्यातून दोन पोलकी काढून घेतली. तिनं विचारलं, "मावशी, हे कायले नेता?"

"घालाले," मी म्हटलं.

तिला वाटलं, म्हातारीचं डोकं फिरलं. डोकं ठीक आहे. कापड चांगलं आहे, टोचत नाही, थंडी आत शिरू देत नाही. मला थोडं घट्ट होतं, बंद जेमतेम पुरतात. दोरीवर वाळत घातलं की शेजारीण सांगते, आजी, शिवण बाहेर राहिली. मी ते तसंच वाळू देते.

ज्या पोरीसाठी शिवलं ती चाळिशीत गेली. मी पंचाहत्तरीची आहे. मी जिवंत आहे.