विकलं गेलं तोच भाव

बंगळूरमधलं माझं काम सांगितलं की गावाकडचे लोक हसतात. क्रिकेट खेळाडूंची जुनी कार्डं जगभर ऑनलाइन विकली जातात. कोणतं कार्ड कितीला गेलं ते मी रोज पाहतो आणि कॉम्प्युटरवर चढवतो. मालकांनी पहिल्याच दिवशी एक नियम सांगितला होता. विकणारा काय मागतो ते लिहायचं नाही, विकलं गेलं तोच भाव. मी नववीतून शाळा सोडलेला माणूस. मालकांनी हाक मारली की अजूनही आधी वाटतं, आता काय चुकलं. तरी नोकरी टिकून आहे, ती चाचांमुळे.

अकोल्याच्या जुन्या शहरात चाचांचं फ्रेम आणि लॅमिनेशनचं दुकान. तिवशाकडून मी आलो तेव्हा मला काहीच येत नव्हतं. त्यांनी काच कापायला शिकवलं, जेवू घातलं, आणि दुकानात कॉम्प्युटर घेतला तेव्हा स्वतः न बसता मला बसवलं. त्याच्याच जोरावर मी इथवर आलो. पगार सुरू झाल्यावर त्यांना पैसे पाठवायचो. ते परत यायचे, वर बोलणी खावी लागायची.

"कमावता झाला तं मले पगार देतो काय बे?"

मागे त्यांच्या डोळ्यांचा पडदा साखरेनं खराब झाला. अमरावतीच्या डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं, उशीर करू नका असंही बजावलं. चाचांना मूलबाळ नाही. दुकानात पुतण्या असतो, त्यानं मला कळवलं. मी पैसे पाठवले. परत आले.

त्याच दिवसांत एका कार्डाची विक्री चढवताना माझा हात थांबला. हे कार्ड मी पाहिलेलं होतं. आखातातून आलेल्या एका गिऱ्हाइकाच्या बापाचा फोटो चाचांनी फुकट मढवून दिला होता, म्हणून त्यानं ते त्यांना भेट दिलं होतं. तेव्हापासून ते गल्ल्याच्या खणात पडून होतं. पुतण्याकडून फोटो मागवला. तेच कार्ड, कोपरे शाबूत, मागची बाजू स्वच्छ. मालक म्हणाले, घेऊन या, गिऱ्हाईक आहे. त्या भावात ऑपरेशन होऊन वर काही उरलं असतं. आणि हा पैसा चाचांचा स्वतःचा असता. परत करायचा म्हटला तरी कोणाला करणार?

फोनवर भाव ऐकून चाचा खूप हसले. कागदाच्या तुकड्याले एवढा भाव, मंग मी जिंदगीभर काच कायले कापत राहिलो, म्हणाले. पुढे रोजच त्यांचा फोन यायला लागला, आज काय भाव म्हणून. मी त्यांना मालकांचा नियम समजावून सांगितला, तो त्यांना फार पटला. आणि रजा मिळेपर्यंत कार्डाला जपा, म्हटलं. धूळ नको, ओल नको, कोणाला हात लावू देऊ नका.

मी पोचलो तेव्हा ते दुकानाच्या ओट्यावर वाट पाहत बसले होते. मला आत नेऊन चहा यायच्या आधीच त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि रुमालातून कार्ड. लॅमिनेशन केलेलं.

आयुष्यभर त्यांनी हेच तर केलं होतं. मार्कशीट असो, रेशन कार्ड असो, गेलेल्या माणसाचा एकुलता फोटो असो, जे जपायचं ते मशीनमधून काढायचं. हे काम त्यांनी पुतण्याला करू दिलं नव्हतं. दिसत नव्हतं तरी बोटांनी अंदाज घेत स्वतः केलं होतं, आणि असं की कुठं एक बुडबुडा नाही. प्लास्टिकचे चारही कोपरे कात्रीनं गोल केले होते, टोचू नयेत म्हणून.

छान झालं म्हणालो आणि बाहेर जाऊन मालकांना फोटो पाठवला. त्यांचं उत्तर लगेच आलं: आता उपयोग नाही. गरम प्लास्टिक एकदा कागदाला चिकटलं की असं कार्ड कोणी घेत नाही, हे मलाही ठाऊक होतं. तरी विचारून पाहिलं.

आत जाताना मी ठरवलं, विकलं गेलं म्हणून सांगायचं आणि माझेच पैसे पुढं करायचे. चाचा मशीनवर हात ठेवून बसले होते.

"इकलं का?" त्यांनी विचारलं. "कोणी काय मांगितलं ते नाई इचारत. इकलं का?"

मला खोटं बोलता आलं नाही. लॅमिनेशन झाल्यावर कोणी घेत नाही, असं सांगितलं. ते कार्डावरून अंगठा फिरवत राहिले.

"काम तं चांगलं झालं होतं, बेटा."

"चांगलंच झालं, चाचा."

"मंग लोकायचे एवढे कागद केले म्या. तेबी खराब झाले का?"

तसं नाही, मी म्हणालो, ते तुमच्यामुळंच टिकले. पुतण्यानंही होकार दिला. चाचांनी मान हलवली, पण पटलं की नाही ते कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांना अमरावतीला न्यायचंच, हे मी पक्कं केलं होतं. पैसे मी भरणार म्हटल्यावर ते भांडतील, म्हणून काय काय बोलायचं ते मनात जुळवून ठेवलं होतं. त्यातलं काहीच लागलं नाही. सकाळी ते टोपी घालून तयार बसले होते. दवाखान्यात मी पैसे भरले तेव्हा शेजारीच उभे होते. एका डोळ्याचं आता काही होणार नाही, दुसऱ्याची आहे तेवढी नजर राखायचा प्रयत्न करू, असं डॉक्टर म्हणाले. चाचांनी त्यांचे आभार मानले. मग माझ्याकडं वळून, छातीवर हात ठेवून, परक्या माणसाचे मानावेत तसे माझेही मानले.