करंडीतली पानं

परवा दुपारी नागपूरला जाणारी आमची गाडी माळावर थांबली. आधीच पाच तास उशीर झाला होता आणि डब्यातल्या नळांना पाणी नव्हतं. समोरच्या आजींच्या मांडीवर ओल्या फडक्याने झाकलेली विड्याच्या पानांची करंडी होती. नातीच्या त्या संध्याकाळच्या साखरपुड्यासाठी पानं त्यांनी स्वतःच्या पानमळ्यातून खुडून आणली होती. उकाड्यात एक पान सडलं की शेजारची जातात, म्हणून त्या एकेक पान उलटून बघत होत्या आणि डागाळलेलं बाजूला काढत होत्या.

"आजी, नागपुरात पानं मिळत नाहीत का?" शेजारच्या गृहस्थांनी विचारलं.

"मिळत्यात की. माझ्या मळ्यातली मिळत्यात का? त्यापरीस पाणी द्या जरा, फडकं वाळलंय."

गृहस्थांनी बाटलीतलं उरलेलं पाणी फडक्यावर ओतलं.

वाट पाहायची म्हणजे हात बांधून बसायचं, असं आपण धरून चालतो. गाडी कधी सुटणार, हे आजींनी एकदाही विचारलं नाही. शेवटचं पान झालं की त्या पुन्हा पहिल्यापासून सुरू करत.

गाडी अंधार पडल्यावर पोहोचली. लेक फलाटावर धावत आली.

"पानसुपारी तेवढी थांबवलीय, आई."

तिने फडकं उचललं. करंडी निम्मी झाली होती. उरलेली पानं हिरवी होती.