नानांची शाल

आमच्या कोर्टाच्या बार रूममधले नाना कोणाचाही सत्कार करायला एका पायावर तयार. त्यांच्या कपाटात एक शाल कायम असते. समोरच्याला ते लगेच 'आपला' करून टाकतात, आणि खुशीत आले की अहिराणीवर उतरतात.

मी त्यांची ज्युनिअर. मला परदेशात एलएलएमला प्रवेश मिळाला, तेव्हा ती शाल माझ्या खांद्यावर आली. "बठ्ठा जळगावमा अशी पोर नही!" नाना गरजले, म्हणजे सगळ्या जळगावात माझ्यासारखी पोर नाही. तिथल्या विद्यापीठाने मला 'परदेशी वकील' म्हटलं होतं, ते शब्द त्यांनी दोनदा म्हणून दाखवले.

पण इथं मी वकील होते कधी? उलटतपासाचे प्रश्न मी काढायचे, विचारायचे नानांनी किंवा त्यांच्या पुतण्याने. दोघंही नसले की मी नुसती पुढची तारीख मागायची.

टाळ्या थांबतात न थांबतात तोच आमच्या केसचा पुकारा झाला. "ताई, मी जेवून घेतो. तू तारीख घेऊन ये," नाना पेढा चघळत म्हणाले. दारात वरणगावची आमची पक्षकार बाई उभी होती. कधीपासून टाळाटाळ करणारा समोरच्या बाजूचा साक्षीदार आज कुठे हजर झाला होता, आणि यांना जेवायचं होतं!

माझं डोकंच फिरलं. शाल खुर्चीवर टाकली, कोर्टात गेले आणि उलटतपास मीच घेतला. साक्षीदार पार उघडा पडला.

परत आले, तर बातमी माझ्याआधीच पोचली होती आणि नाना शालीची घडी घालून ती कपाटात ठेवत होते.

"पाह्यलं?" ते नुकत्याच आलेल्या पुतण्याला सांगत होते, "वकील असा घडवावा लागतो!"