ओरिन रकमनची न चालवलेली गाडी

ओरिन रकमनचं मला कधी बरं बघवलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. चाळीस वर्षं तो माझा शेजारी होता. त्या चाळीस वर्षांत त्यानं माझं काडीचंही वाईट केलं नाही, आणि त्याचाही मला रागच यायचा. निदान एखादं कुंपण तरी माझ्या हद्दीत सरकवायचं होतं.

ओरिन गावाच्या पाणीपुरवठ्यात नोकरीला होता. टाकीची पातळी बघायची, औषध सोडायचं, आकडा लिहायचा, घरी यायचं. अडतीस वर्षं एकच जेवणाचा डबा, त्याची कडी तुटली तेव्हा तारेनं बांधलेला. नवे बूट घेतले की ते खोक्यात जायचे आणि जुने फाटेपर्यंत पायात राहायचे. बाहेरच्या खोलीतल्या दिव्याच्या टोपीवरचा प्लास्टिकचा कागद त्यानं कधी काढू दिला नाही. त्याची बायको ग्लेंडा आमच्याकडे कॉफीला आली की म्हणायची, "लग्नात मिळालेल्या बश्या अजून खोक्यात आहेत. आम्ही गेलो ना, की आमच्या दफनानंतरच्या जेवणाला तुम्ही त्यात जेवा."

माझं गावातच डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज होतं. ठोकलेली गाडी आणा, मी ती अशी करून देईन की तुमच्या बायकोलासुद्धा कळणार नाही, अशी माझी ख्याती होती. ओहायोच्या आमच्या भागात थंडीत बर्फ वितळवायला रस्त्यावर इतकं मीठ टाकतात, आणि त्यानं पत्रा इतका गंजतो, की माझ्यासारख्याला काम कधी कमी पडत नाही.

सत्याऐंशी साली ओरिननं आणि मी एकाच दिवशी, एकाच दुकानातून, एकसारख्या दोन गाड्या घेतल्या. काळ्या ब्यूक ग्रँड नॅशनल. ते मॉडेल त्या वर्षी बंद व्हायचं होतं. दुकानदारानं दोन्ही गाड्या दारात शेजारीशेजारी लावून आमचा फोटो काढला होता. फोटोत मी हसतोय आणि ओरिन टायरकडे बघतोय.

मी माझी गाडी चालवली. फ्लोरिडाला नेली, तळ्यावर मासे धरायला नेली, थोरलीच्या वेळी बायकोला, पॅटीला, तिच्यातूनच दवाखान्यात नेलं. मागच्या सीटवर स्ट्रॉबेरी मिल्कशेक सांडला त्याचा वास शेवटपर्यंत गेला नाही. नवव्या हिवाळ्यात दारांची खालची कड मिठानं खाल्ली आणि गालिचा उचलला की रस्ता दिसायला लागला. मी ती देऊन व्हॅन घेतली. दुकानातल्या माणसानं गाडीकडे न बघताच तिची किल्ली खणात टाकली.

ओरिननं त्याची गाडी घरी आणली आणि गॅरेजमध्ये ठेवली. सीटवरचं प्लास्टिक तसंच. काचेवरचा किमतीचा कागद तसाच. महिन्याच्या पहिल्या रविवारी चर्चहून आला, की रस्ता कोरडा असेल तर तो गाडी बाहेर काढायचा आणि आमच्या वस्तीला एक फेरी मारून परत आत लावायचा. आठ दशांश मैल. का, तर इंजिनातलं तेल हलतं राहावं.

मी अंगणातून ओरडायचो, "काय ओरिन, आज लांबचा दौरा का? डबा घेतलास ना बरोबर?"

तो स्टिअरिंगवरची दोन बोटं उचलायचा. तेवढंच उत्तर. सगळी गल्ली त्याला हसायची, आणि सगळ्यांत मोठ्यानं मी.

पुढे हसणं बंद पडलं. आधी वर्तमानपत्रात आलं, मग जावयानं फोनवर दाखवलं, की त्या वर्षांच्या आपल्या गाड्या, ज्या कोणी फार चालवल्या नाहीत, त्यांना लोक वेड्यासारखे पैसे देताहेत. जितके मैल कमी तितकी किंमत जास्त. ज्या पोरांच्या खोलीत या गाड्यांची चित्रं भिंतीवर होती ती पोरं आता पैसेवाली झाली होती, आणि त्यांना गाडी हवी होती तीही दुकानातून नुकतीच आल्यासारखी. ओरिनच्या गाडीच्या मीटरवर तेव्हा तीनशे मैलसुद्धा नव्हते.

माझ्या पोटात दुखायला लागलं. खोटं कशाला बोलू? मी आयुष्यभर गाड्यांसाठी हात काळे केले, आणि ज्या माणसाला कार्ब्युरेटर आणि कॉफीचं भांडं यातला फरक सांगता आला नसता, तो नुसता न वापरता श्रीमंत झाला. डॉटच्या खानावळीत लोक त्याला उठून जागा द्यायला लागले. तो आपला नेहमीसारखा अंडं आणि टोस्ट मागवायचा आणि उरलेला टोस्ट कागदात गुंडाळून न्यायचा.

पॅटी मला म्हणाली, "उगाच जळू नकोस. आपली तू ठेवली असतीस, तर तुझ्याच पोरीनं ती सोळाव्या वर्षी चेरीच्या झाडाला नेऊन ठोकली असती."

"आणि मी ती दुरुस्त केली असती," मी म्हणालो.

"हो. आणि मग ती तशी राहिली असती का?"

हे तिनं सहज म्हटलं, पण मला ते लागलं. कारण माझ्याजवळ एक गुपित होतं.

एक्याण्णव सालच्या एप्रिलमध्ये ओरिनचं पित्ताशय काढलं आणि तो पाच दिवस दवाखान्यात होता. ग्लेंडानं बसून चालवायचं गवतकापणीचं यंत्र गॅरेजमधून मागे घेताना त्याचा कोपरा ब्यूकच्या पुढच्या उजव्या मडगार्डाला घासला. ती धावत माझ्या दारात आली. "डेल, तो मला काही बोलणार नाही रे. तेच मला सहन होणार नाही."

मी दोन दुपारी तिच्या गॅरेजमध्ये काम केलं. पोचा काढला, लांबी भरली, घासली, रंगाचे चार हात दिले आणि आरशासारखं पॉलिश केलं. गाडी जागची हलवली नाही, म्हणजे मीटर एक पाऊलही पुढे जायला नको. ग्लेंडा पैसे देत होती, मी घेतले नाहीत. ओरिन घरी आला, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि आत जाऊन झोपला. तेव्हापासून दर वसंतात ग्लेंडा आमच्याकडे रुबार्बचा पाय, म्हणजे आंबट देठांचं सारण भरून भाजलेला गोड पदार्थ, घेऊन यायची, आणि तो हातात देताना माझ्याकडे एक क्षण बघायची.

त्या क्षणावर मी चौतीस वर्षं जगलो म्हणा ना. दर ऑगस्टला आमच्या भागात जुन्या गाड्यांची जत्रा भरते. जिथे कधीच काही न बदललेल्या गाड्या लावतात, तिथे ट्रेलरवरून आणलेली ओरिनची गाडी असायची. लोक नाक लावून बघायचे आणि म्हणायचे, कारखान्यातून निघाली तश्शी. मी लेमोनेडचा पेला घेऊन बरोब्बर उजव्या मडगार्डाशी उभा राहायचो. त्या माणसाच्या अस्पर्श संसारात एक हातभर जागा माझी होती, आणि ते त्यालाच ठाऊक नव्हतं.

यंदा ग्लेंडाचे गुडघे फारच गेले. मुलगी टूसॉनला असते, तिनं स्वतःच्या घराशेजारी पायऱ्या नसलेलं घर बघून ठेवलं. गाडी विकली गेली तर ते घर होणार होतं, नाहीतर नाही. ॲरिझोनाचा क्विग्ली नावाचा ग्राहक एक लाख चाळीस हजार डॉलर द्यायला तयार झाला. गाडी स्वतः तपासून मग घेईन, म्हणाला. या लोकांचं असं असतं, की इंजिन दहादा नवं करता येतं, पण पहिला रंग एकदाच लागतो. कुठे दुसऱ्या कोणाचा हात लागलेला निघाला, की किंमत धाडकन खाली येते.

तपासणीच्या आदल्या दिवशी क्विग्ली डॉटकडे माझ्या टेबलाशी येऊन बसला. नीटनेटका, मऊ बोलणारा माणूस.

"मिस्टर कून, इथलं रंगाचं काम तुम्हीच करायचात असं ऐकलं. रकमनसाहेबांच्या गाडीबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

'गाडी चांगली आहे' इतकंच बोलायचं होतं. ग्लेंडाला तसा मी शब्द दिला होता. पण मागच्या टेबलावर कोणीतरी ओरिनच्या टूसॉनच्या घराबद्दल बोलत होतं, तिथल्या संत्र्याच्या झाडाबद्दल. अंगणात संत्री. मला आतून काहीतरी चावलं.

मी पुढे वाकून हळूच म्हणालो, "उजवं मडगार्ड बघा. पुढचं."

मग त्यानं माझ्याही कॉफीचे पैसे दिले आणि गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओरिनच्या गॅरेजमध्ये हजर होतो. कशाला गेलो, हे विचारू नका. ओरिन इस्त्रीच्या शर्टात उभा होता. ग्लेंडा दाराशी खुर्ची टाकून बसली होती. क्विग्लीनं खिशातून साबणाच्या वडीएवढं एक यंत्र काढलं. पत्र्यावर टेकवलं की रंग किती जाड आहे ते त्यात दिसतं. टप, दारं, डिकी, सगळीकडे आकडा जवळजवळ एकच. मग तो उजव्या मडगार्डाशी आला आणि यंत्रानं दुपटीहून मोठा आकडा दाखवला. ग्लेंडानं खुर्चीचे हात घट्ट धरले. माझे कान तापले. लाज होती ती, आणि खरं सांगायचं तर थोडी मजाही.

ओरिन म्हणाला, "डेलनं चार हात दिलेत. कारखान्याचा रंग पातळ असतो. मी पत्रात लिहिलंय तुम्हाला."

क्विग्लीनं पिशवीतून पत्र काढलं. "हो, लिहिलंय. 'पुढचं उजवं मडगार्ड एप्रिल एक्याण्णवमध्ये आमच्या जिल्ह्यातल्या सगळ्यांत चांगल्या कारागिरानं रंगवलं आहे. तेवढं सोडून सगळं मूळचं.' मी सांगितलेली किंमत त्या मडगार्डासकटच आहे, रकमनसाहेब."

मग ग्लेंडा म्हणाली, "ओरिन, तुला माहीत होतं?"

"आठवडाभर रंगाचा वास होता, ग्लेंडा. आणि बाकीच्या गाडीवर बारीक खरबरीत साल असते संत्र्यासारखी. तेवढाच भाग गुळगुळीत."

"मग बोलला का नाहीस?"

"तू बोलली नाहीस. म्हटलं, तुला सांगायचं नाहीये, तर नको. आणि काम झकास होतं."

क्विग्ली म्हणाला, "जरा जास्तच झकास. त्यावरूनच ओळखू येतं."

म्हणजे बघा. चौतीस वर्षं मी जी चलाखी मिरवत होतो तीच माझी चूक होती. कारखान्यासारखं करायचं सोडून मी कारखान्यापेक्षा सरस केलं होतं, आणि पाण्याच्या टाकीवरच्या माणसानं ते पहिल्याच दिवशी ओळखलं होतं. माझी हातभर जागासुद्धा त्याचीच निघाली. तीही त्यानं प्लास्टिकखाली जपून ठेवली होती.

ग्लेंडाचं लक्ष मात्र क्विग्लीकडे होतं. "मिस्टर क्विग्ली, डॉट सांगत होती, तुम्ही काल डेलशी बोललात ना? काय म्हणाला तो?"

क्विग्लीनं यंत्र पुसायला घेतलं. "मी त्यांना फक्त काम कसं केलं ते विचारायला गेलो होतो, मॅडम."

त्यानं उत्तर टाळलं, तेवढं तिला पुरलं. ती माझ्याकडे वळली. तिचा आवाज चढला नव्हता.

"चौतीस वर्षं मी त्याच्यापासून लपवलं, त्यानं माझ्यापासून लपवलं. तुला एक दिवस नाही का राहवलं, डेल?"

ओरिन म्हणाला, "जाऊ दे गं." आणि त्यानं किल्ली माझ्यापुढे धरली. "ट्रेलरवर तू चढव. माझा हात हल्ली थरथरतो."

मी चढवली. बुडाखाली प्लास्टिक करकरलं. मीटरवर तीनशे बारा होते. आयुष्यात पहिल्यांदा मी त्या गाडीत बसलो आणि वीस पावलांत उतरलो. खाली ओरिननं हात पुढे केला आणि मी तो हातात घेतला, कारण दुसरं काय करणार. माणूस रागावलासुद्धा नाही. त्याबद्दलही मी त्याच्यावर जळतोय, अजून.

ऑक्टोबरमध्ये ते टूसॉनला गेले. निघायच्या सकाळी ते गल्लीतल्या प्रत्येक दारात थांबले. ग्लेंडा काठी टेकत उतरायची, गळ्यात पडायची, रडायची. पॅटीनं तिच्यासाठी सफरचंदाचा पाय करून ठेवला होता. आमच्या दारात ओरिन एकटाच आला. ग्लेंडा गाडीत बसून राहिली, समोर बघत. तिनं काचही खाली केली नाही.