काळं ग्रीस, ऐंशी ग्रॅम

मार्चमधला दुसरा शनिवार, सकाळचे साडेदहा. रक्कम साडेआठ हजार रुपये. हजर तिघे: मी, माझी मोठी बहीण, आणि ही रक्कम तोंडातून काढणारा वर्ध्याजवळच्या नालवाडीचा मिस्त्री.

साडेआठ हजार म्हणजे ताईच्या गाडीला पुढच्या डाव्या बाजूचा नवा एक्सल टाकण्याचा खर्च. वळताना त्या चाकातून कट-कट असा आवाज येत होता. ताई सरकारी दवाखान्यातून सिस्टर म्हणून निवृत्त झाली आणि त्यानंतर, अठ्ठावन्नाव्या वर्षी, गाडी शिकली. फंडाच्या पैशातून तिनं ही जुनी छोटी गाडी घेतली. पुण्यातल्या तिच्या मुलाला ते पहिल्यापासून पटलं नव्हतं. आवाजाचं कळताच त्यानं फोनवरूनच वर्ध्यातलं एक गिऱ्हाईक गाठलं आणि दोन हजार रुपये बयाणाही घेऊन टाकला. ताई त्याच्याशी भांडली नाही. एवढंच म्हणाली, रविवार संध्याकाळपर्यंत आवाज गेला नाही, किंवा खर्च मोठा निघाला, तर गाडी देऊन टाकीन. मोठा म्हणजे किती, हे मी तिला विचारून घेतलं. दोन हजारांच्या वर.

म्हणून साडेआठ हजार ऐकताच तिनं किल्ली मुठीत आवळली.

"मिस्त्री, आधी खोलून तर पाहा," मी म्हणालो.

चाक काढल्यावर कारण दिसलं. एक्सलच्या टोकाला जो जॉइंट असतो, त्याच्यावर रबराचं घड्याघड्यांचं टोपण असतं. त्याला बूट म्हणतात. तो एका घडीत चिरला होता. आतलं ग्रीस चाकाच्या आतल्या बाजूला सगळीकडे उडालं होतं आणि जॉइंट कोरडा पडला होता. मिस्त्रीनं जॉइंट उतरवला, डिझेलनं धुतला आणि आतल्या सहाही पोलादी गोळ्या एकेक करून उजेडात फिरवून पाहिल्या.

"चट्टा नाई एकावरबी. जिवंत आहे अजून. नवा बूट टाकून, ग्रीस भरून पाहू. पन आवाज जाईनच, असं मी लिहून नाई देत."

बूट आणि त्याचे पट्टे साडेतीनशे, मजुरी सातशे. ताईची मूठ जरा सैल झाली. मिस्त्रीनं फळीवरून आपला पिवळ्या ग्रीसचा डबा ओढला, तिथे मी मधे पडलो.

मी रोज हिंगणघाटला जाऊन जिनिंगच्या वजनकाट्यावर काम करतो. कापसाच्या गाडीमागे दहा किलोंचा फरक पडला तरी दिवसभर मला चैन पडत नाही. आदल्या दिवशीच मी अशा आवाजाबद्दल सगळं वाचून ठेवलं होतं. या जॉइंटमध्ये गोळ्या नुसत्या फिरत नाहीत, दाबाखाली घासत सरकतात. चाकाच्या बेअरिंगचं साधं ग्रीस तिथे टिकत नाही.

"याले मॉलिब्डेनम डायसल्फाइडवालं ग्रीस लागते," मी म्हणालो. "रंग काळा. ऐंशी ग्रॅम."

मिस्त्रीनं ताईकडे पाहिलं. "सिस्टर, भाऊले कोन्ता डायबिटीस झाला म्हन्ते?"

"त्याले लहानपनापासून हाय," ताई म्हणाली. "जाऊ दे त्याले."

मी स्कूटर काढली आणि बजाज चौकाकडच्या एका दुकानात जाऊन काळं ग्रीस मागितलं. अर्धा किलोचा डबा, एकशे नव्वद रुपये. येताना घरी थांबून बायकोचा स्वयंपाकाचा काटा उचलला. गॅरेजमध्ये प्लास्टिकचा कागद अंथरून त्यावर ग्रीस ठेवलं. त्र्याऐंशी भरलं. चमच्याच्या टोकानं तीन ग्रॅम कमी केलं.

"सोनं तोलून राह्यले का, भाऊ?" मिस्त्री म्हणाला.

काट्यावर बरोबर ऐंशी आलं आणि खरं सांगतो, मला फार बरं वाटलं.

ताईनं पर्समधून चष्मा काढला. डबा उचलून गोल फिरवला. "हे कशाचं आहे?"

"काळं आहे ना."

"मी रंग नाई इचारला तुले." तिनं वाचून दाखवलं. ग्रॅफाइट ग्रीस. कमानपाटे, साखळ्या आणि उघडे गिअर यांच्यासाठी. "जॉइंटचं नाव कुठी आहे यात? चौतीस वर्षं वार्डात काढली, रंग पाहून कोनाले गोळी नाई देल्ली मी. तू डोस बरोबर मोजला रे, औषधच दुसऱ्याचं आहे."

मी काट्यावरचं ग्रीस परत डब्यात भरायला घेतलं. मिस्त्रीला मात्र उत्साह आला. "मंग आपलं पिवळं काय वाईट होतं, सिस्टर?"

"दाखव बरं तुया डब्यावर काय लिवलं ते."

डब्यावर इतक्या वर्षांची बोटं पुसली होती की एक अक्षर दिसत नव्हतं. "नाव नसलेली बाटली आम्ही फेकून देत होतो," ताई म्हणाली. मिस्त्रीनं डब्याचं झाकण लावून तो मुकाट्यानं फळीवर ठेवला.

दुसऱ्यांदा ती माझ्यामागे स्कूटरवर बसून दुकानात आली. दुकानदाराला तिनं तीनच प्रश्न विचारले: कोनाले, कोन्तं, किती. त्यानं एक ट्यूब काढून दिली. तिच्यावर जॉइंटचं चित्र होतं, लिथियम आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइड असं स्पष्ट छापलं होतं. शंभर ग्रॅम, एकशे ऐंशी रुपये. ताईनं ती दुकानात एकदा वाचली, पायरीवर एकदा आणि गॅरेजमध्ये ट्यूब फोडण्याआधी एकदा. मी पहिल्या डब्याची तक्रार काढली, तर दुकानदार म्हणाला, "भाऊ, तुमी काळं मांगतलं, म्या काळं देल्लं." हे खरंच होतं.

तेही ग्रीस काळंच निघालं. मी पुन्हा ऐंशी मोजलं. मिस्त्रीनं अर्धं गोळ्यांमध्ये अंगठ्यानं दाबून भरलं, अर्धं बुटात. ट्यूबमध्ये वीस ग्रॅम उरलं.

"हे आतल्या जॉइंटात ढकलून देऊ?" त्यानं विचारलं. एक्सलच्या इंजिनकडच्या टोकाला दुसरा जॉइंट असतो.

मी हो म्हणणारच होतो. वीस ग्रॅम कशाला वाया घालवायचं?

"त्याचं टोपन फाटलं का?" ताईनं विचारलं.

"नाई."

"त्याच्यात कोन्तं ग्रीस आहे, माहीत आहे?"

मिस्त्रीनं माझ्याकडे पाहिलं. मी वाचलेलं मला तेव्हा आठवलं: आतल्या जॉइंटची रचना वेगळी, ग्रीसही पुष्कळदा वेगळ्या जातीचं. दोन जाती एकमेकांत मिसळल्या तर ग्रीस पातळ होऊन वाहून जाऊ शकतं.

"मंग बऱ्या मानसाले काऊन सुई टोचून राह्यले?" ताई म्हणाली. मिस्त्रीनं चटकन आपला दंड चोळला. लहानपणी त्यानं तिच्या हातची बरीच इंजेक्शनं घेतली होती.

रविवारी सकाळी ताई म्हणाली, गिरडला जाऊ. नोकरीची पहिली सहा वर्षं तिनं तिकडेच, समुद्रपूर तालुक्यात, काढली होती. गाडी तीच चालवत होती. सरळ रस्त्यावर आवाज कधीच येत नसे, त्यामुळे हिंगणघाट मागे पडलं तरी आम्हा दोघांना काहीच कळलं नव्हतं आणि दोघंही त्याबद्दल बोलत नव्हतो. गिरडच्या दर्ग्याच्या टेकडीखालच्या मोकळ्या जागेत तिनं मला खाली उतरवलं. स्टिअरिंग पूर्ण वळवून ती गोल फिरू लागली. मी चाकाच्या बाजूनं कान देऊन चालत होतो. सहा फेऱ्या उजवीकडे, सहा डावीकडे.

फुलं विकणारी एक बाई उठून उभी राहिली. "बाई, गाडी शिकून राह्यल्या का?"

"नाई वो," ताई काचेतून ओरडली, "आयकून राह्यली!" आणि मला म्हणाली, "सांग ना रे, आला का?"

"नाही आला."

"बरोबर मोजलं ना?"

"बारा फेऱ्या. एकदाही नाही."

तिनं गाडी थांबवली, चष्मा काढून पुसला आणि कोणी न सांगता आणखी एक फेरी मारली. ती मी मोजली नाही.

जाऊन-येऊन एकशे एक्केचाळीस किलोमीटर झाले. परत आल्यावर तिनं मुलाला फोन लावला. "खरंच गेला आवाज?" त्यानं विचारलं. "मामाले इचार, त्यानं मोजला," ती म्हणाली. मग तो म्हणाला, "ठीक आहे आई. बेल्ट लावत जा."

ग्रॅफाइटच्या डब्याचे एकशे नव्वद माझ्या खिशातून गेले. आमच्या गल्लीतलं एकही फाटक तेव्हापासून कुरकुरत नाही. मिस्त्रीला ताईनं बूट आणि मजुरीचे एक हजार पन्नास शनिवारीच दिले होते, ट्यूबचे एकशे ऐंशी दुकानदाराला. रविवारी संध्याकाळी सहाच्या आत आम्ही दोघं गिऱ्हाइकाच्या घरी गेलो. गाडी तिनं स्वतः त्याच्या दारासमोर नेऊन वळवून लावली, आवाज न करता, आणि बयाण्याचे दोन हजार रुपये त्याच्या हातात परत दिले.