दुसऱ्याच्या पोराचे बूट

नेब्रास्कातल्या डार्ला व्होपाटचा मुलगा कोल्बी आरमारात भरती झाला. तिथे गणवेश मिळाल्यावर पोरं अंगावरचे कपडे घरी पाठवून देतात, तसे थोड्याच दिवसांत त्याचे घरचे कपडे खोक्यातून परत आले. शेजारच्या ट्वायलाची मुलगीही आरमारात होती. खोकं आल्याचं कळताच ती धावत आली.

"धुऊ नकोस हं! मी तर लेकीचा शर्ट कितीतरी दिवस उशाशी घेऊन झोपायचे."

दोघींनी शर्ट हुंगला, बूट छातीशी धरले आणि पोटभर रडल्या. मग डार्ला एकदम थबकली.

"अगं, कोल्बीचा पाय एवढा मोठा नाहीये!"

प्रशिक्षण तळावर पोरांनी घाईत एकमेकांचे कपडे खोक्यांत भरले होते. नौसैनिकांच्या आयांचा इंटरनेटवर एक गट होता, त्यात डार्लाने बुटांचा फोटो टाकला. लगेच टेक्सासहून एका आईचा फोन आला.

"ते माझ्या रँडलचे! म्हणजे माझ्याकडचे कपडे तुमच्या पोराचे. रागावू नका बाई, पण मी धुतले. मोज्यांना असा वास, मला वाटलं पोराला काहीतरी रोगच झालाय."

"नाही हो, तो पहिल्यापासून तसाच आहे," डार्ला म्हणाली आणि कोल्बी गेल्यापासून पहिल्यांदाच खदखदून हसली. फोन तासभर चालला. ट्वायलाने रँडलचा शर्ट हळूच खुर्चीवर ठेवला आणि नाक पुसलं.